कथेची खरी फलश्रुती

(गीता, अध्याय १०, श्लोक ९ आणि अध्याय १८, श्लोक ७२-७३ यांच्या अनुषंगाने)

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात भगवंतांनी भक्तांची लक्षणे सांगितली आहेत. त्यांचे चित्त आणि प्राण भगवंताच्या ठायी लागलेले असतात, ते एकमेकांना बोध करतात, भगवंताविषयी नित्य बोलत असतात आणि त्यातच त्यांना संतोष व आनंद लाभतो. या श्लोकातील दोन पदे अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावीत. एक पद 'कथ्' या धातूपासून आलेले आहे. याच धातूपासून 'कथा' हा शब्द सिद्ध होतो. दुसरे पद 'परस्पर' हे होय. एकाने सांगावे आणि इतरांनी मुकाट्याने ऐकावे एवढाच भगवंतांचा अभिप्राय असता, तर 'परस्पर' या पदाला प्रयोजन उरले नसते. वक्ता श्रोत्याला जागे करतो, तसा श्रोताही आपल्या आचरणाने वक्त्याला जागे करतो. कथा ही अशी दोन्ही बाजूंनी चालणारी साधना आहे.

येथे सहजच एक शंका उत्पन्न होते. आपल्या देशात कथाकीर्तनांची वाण कधीच पडली नाही. रामायण, भारत, भागवत आणि संतचरित्रे गावोगावी ऐकली गेली. असे असताना माणसामाणसांतील भेदभाव, शिवाशीव आणि दुर्बळांची उपेक्षा इतकी शतके टिकली कशी? कथेच्या अंगी समाज पालटण्याचे सामर्थ्य आहे की नाही? नसेल, तर भगवंतांनी कथनाला भक्तांच्या लक्षणांत स्थान का दिले? आणि असेल, तर ते सामर्थ्य कोठे अडले?

या शंकेचे उत्तर गीतेच्या रचनेतच दडलेले आहे. गीता ही स्वतः एक सांगितलेली कथा आहे. रणांगणावर श्रीकृष्णांनी अर्जुनाला उपदेश केला आणि तोच संवाद संजयाने धृतराष्ट्राला सांगितला. म्हणजे उपदेश एकच, परंतु त्याचे श्रोते दोन. अर्जुनाने ऐकले आणि तो उठून उभा राहिला. धृतराष्ट्रानेही अठरा अध्याय ऐकले. परंतु ऐकून झाल्यावर त्याने काही केल्याचे गीता सांगत नाही. पहिल्या श्लोकात प्रश्न विचारून तो जो गप्प बसला, तो शेवटपर्यंत बोललाच नाही. कथेचे दोष काढण्यापूर्वी ती कोणत्या श्रोत्याच्या कानी पडली, हे पाहिले पाहिजे.

हा विचार नुसता तर्काने मांडण्यापेक्षा एका खऱ्या उदाहरणावर पारखून पाहणे बरे. त्यासाठी चेन्नई नगराकडे वळावे.

मराठी कीर्तन दक्षिणेत कसे गेले

चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागात, ज्याला इंग्रजी अमदानीत ट्रिप्लिकेन हे नाव पडले, श्रीपार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे. गीता सांगणारे श्रीकृष्ण येथे मूळ मूर्तीच्या रूपाने उभे आहेत. मूर्तीला मिशा आहेत आणि उत्सवमूर्तीच्या मुखावरील व्रण हे भीष्मांच्या बाणांचे होत, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ज्याने दुसऱ्याचा रथ हाकला, त्याच्यासाठी बाण सोसले आणि त्या धामधुमीत उपदेशही केला, तो हा देव. याच देवाच्या नावाने इ. स. १९०० मध्ये श्रीपार्थसारथी स्वामी सभा स्थापन झाली. गायन व हरिकथा यांना आश्रय देणाऱ्या नगरातील जुन्या सभांत तिची गणना होते.

दक्षिणेतील या हरिकथेचे मूळ मराठी वाचकाला आपले वाटावे असे आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७०-८० च्या दशकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापिली. हे राज्य १८५५ मध्ये खालसा होईपर्यंत तेथे मराठी भाषा, समर्थसंप्रदायाचे मठ आणि कीर्तन यांना राजाश्रय होता. तंजावरच्या मेरुस्वामींनी हे कीर्तन त्रावणकोरात स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारापर्यंत नेले. महाराजांनी कुचेल आणि अजामिळ यांची आख्याने या पद्धतीसाठी रचली. पुढे १८६० च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरात राहिले. त्यांची कीर्तने ऐकून तेथील कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाचा साचा तमिळ भाषेत उतरविला. आरंभीची पंचपदी, निरूपण, मध्ये मध्ये येणाऱ्या साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे सारे त्यांनी कर्नाटक संगीताशी जुळवून घेतले. तमिळ हरिकथाकारांनी या छंदांची मराठी नावेसुद्धा तशीच राखली. तिकडे या प्रकाराला 'कथाकालक्षेप' म्हणतात. 'कालक्षेप' म्हणजे वेळ घालविणे. पण येथे तो सत्कारणी लावणे हा अर्थ अभिप्रेत आहे.

तंजावरचा राजाश्रय संपल्यावर गुणी मंडळी हळूहळू मद्रासकडे वळली. चेन्नईला १९९६ पर्यंत मद्रास हेच नाव होते. तेथील सभांत आणि मंदिरांच्या मंडपांत जी आख्याने पुन्हा पुन्हा ऐकली गेली, त्यांत एका शेतमजूर संताचे आख्यान अग्रभागी होते. ते आख्यान म्हणजे नंदनारचरित्र.

नंदनारांची कथा

तमिळ शैव परंपरेत त्रेसष्ट नायन्मार, म्हणजे शिवभक्त संत, पूज्य मानले जातात. त्यांची चरित्रे बाराव्या शतकात सेक्किळार यांनी 'पेरियपुराणम्' या ग्रंथात गुंफली. त्यांतील नंदनार हे आदनूर गावचे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेले. ते मंदिरातील वाद्यांसाठी कातडे आणि वाद्या, वीणेसाठी तारा, पूजेसाठी गोरोचन पुरवीत. त्यांनी दिलेले कातडे नगाऱ्यावर चढून गाभाऱ्यापर्यंत जाई, आणि ते स्वतः मात्र बाहेर उभे राहत. तिरुप्पुंगूर येथे बाहेरूनच दर्शन घेताना मध्ये नंदी आड येई. तेव्हा शिवाच्या आज्ञेने नंदी बाजूला सरला, असे परंपरा सांगते. चिदंबरास जाऊन नटराजाचे दर्शन घ्यावे ही त्यांची तळमळ होती. परंतु अधिकार नाही या जाणिवेने ते दररोज 'उद्या जाईन' असे म्हणत. त्यावरून त्यांना 'तिरुनाळैप्पोवार', म्हणजे 'उद्या जाणारे', हे नाव पडले.

एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती या कवीने हीच कथा तमिळ पदांत नव्याने मांडली. १८६० च्या सुमारास ती छापली गेली आणि त्या कामी कारैकाल येथील एका फ्रेंच अधिकाऱ्याचे साहाय्य झाले. भारतींनी मूळ कथेत नसलेले एक पात्र आणले. ते म्हणजे नंदनारांचा धनी, एक ब्राह्मण जमीनदार. नंदनार रजा मागतात आणि तो नाकारतो. शेवटी सारे शेत एका रात्रीत कापून दे अशी अशक्य अट घालतो. शिवकृपेने कापणी पुरी होते आणि तो जमीनदार आपल्याच गड्याच्या पायांवर लोटांगण घालतो.

ही भर लहान दिसते, पण कथेचा सारा रोख तिने पालटला. पुराणातील नंदनारांना अडविणारे कोणी प्रत्यक्ष दिसत नव्हते. अडसर होता तो रूढीचा आणि त्यांच्या स्वतःच्या संकोचाचा. भारतींनी त्या रूढीला चेहरा दिला. आता कथा ऐकणाऱ्या सुखवस्तू गृहस्थाला, आपण या कथेत कोठे आहोत, हा प्रश्न टाळता येईना. नंदनारांच्या जागी तो स्वतःला बसवू शकत नव्हता. त्याची जागा त्या जमीनदाराजवळ होती.

या काव्याविषयी उ. वे. स्वामिनाथ अय्यर या थोर तमिळ पंडितांनी एक आठवण नमूद करून ठेवली आहे. भारती आपल्या ग्रंथाला पुरस्काराचे पद्य मिळावे म्हणून महाविद्वान मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे गेले. काव्यात व्याकरणाचे दोष होते. पंडितांना ते रुचेनात, म्हणून ते आज-उद्या करीत राहिले. एके दिवशी वाट पाहत बसलेल्या भारतींनी त्यातील पदे गायिली. आतून ते गायन ऐकताना पंडितांचे अंतःकरण द्रवले आणि त्यांनी पुरस्कार दिला. ज्यांना वाचताना दोषच दिसले, त्यांना ऐकताना नंदनार दिसले. अठराव्या अध्यायाच्या एकाहत्तराव्या श्लोकात भगवंतांनी श्रोत्याची दोन लक्षणे सांगितली आहेत, श्रद्धा आणि असूयेचा अभाव. गुणांच्या ठिकाणी दोष पाहणे ती असूया. ती गळाली की कथा आत शिरते.

कृष्ण भागवतरांनी हे आख्यान हरिकथेत रंगविले आणि त्यांच्यानंतरच्या भागवतरांनी ते मद्रासच्या घराघरांत पोहोचविले. १९३५ साली त्यावर बोलपट निघाला, तेव्हा नंदनारांची भूमिका के. बी. सुंदरांबाळ या स्त्रीने केली. १९४२ मध्ये मद्रासच्याच जेमिनी स्टुडिओने पुन्हा बोलपट काढला आणि त्यात एम. एम. दंडपाणी देशिकर यांनी ती भूमिका केली. महात्मा गांधींनी तमिळ प्रदेशातील आपल्या भाषणांतून नंदनारांचे उदाहरण वारंवार दिले.

ऐकले सर्वांनी, हलले थोडे

आता दुसरी बाजू पाहावी. चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराचे मंदिर आहे. तमिळ पंगुनी महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, तेथे त्रेसष्ट नायन्मारांच्या धातुमूर्तींची थोर मिरवणूक निघते. त्या मूर्तींत नंदनारही असतात. लोक त्यांना हात जोडतात आणि त्यांच्यावर फुले वाहतात. परंतु विसाव्या शतकाचा पूर्वार्ध सरत येईपर्यंत मद्रास प्रांतातील मोठ्या मंदिरांत नंदनारांच्या जातभाईंना प्रवेश नव्हता. मूर्ती आत पूजिली जात होती आणि त्या मूर्तीचे वंशज बाहेर होते.

मराठी वाचकाने हे ऐकून दक्षिणेला दोष देण्याची घाई करू नये. पंढरपुरात श्रीविठ्ठलाच्या महाद्वारी, नामदेव पायरीजवळ, संत चोखामेळ्यांची समाधी आहे. लाखो वारकऱ्यांनी शतकानुशतके तेथे मस्तक टेकविले आणि ते आत गेले. चोखोबांचे लोक मात्र त्या समाधीपाशीच थांबविले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. ज्यांना भाविकांनी वेगवेगळ्या प्रांतांत पूजिले, त्या तिघांना बाबासाहेबांनी एका ओळीत आणले.

याच बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत गांधीजींना उत्तर देताना संतचरित्रांविषयी एक मार्मिक आक्षेप घेतला होता. त्याचा आशय असा की, संत हा वंदनासाठी राखून ठेवला गेला, अनुकरणासाठी कोणी घेतला नाही. संताने बंधन मोडले तर तो त्याचा अधिकार, सामान्याने मात्र ते पाळावे, अशी समजूत रूढ झाली. कथाकीर्तनावर प्रेम करणाऱ्याने या आक्षेपावर रागावू नये. तो खरा आहे की खोटा, हे आपल्या घरात पाहून ठरवावे.

नंदनारांच्या कथेचा शेवटही येथे डोळसपणे वाचला पाहिजे. चिदंबरास पोहोचल्यावर शिवाच्या आज्ञेने अग्नी पेटविला जातो, नंदनार त्यातून बाहेर येतात ते जटाधारी, यज्ञोपवीत धारण केलेल्या मुनीच्या रूपात, आणि मग मंदिरात जाऊन शिवरूप होतात. भक्तीचा महिमा म्हणून हा प्रसंग अद्भुत आहे. परंतु विचार केल्यास ध्यानी येईल की, आत गेले ते ब्राह्मणरूप झालेले नंदनार. आदनूरचा शेतमजूर जसा होता तसा आत गेला नाही. भिंत जागच्या जागी राहिली. माणसाचे रूप तेवढे पालटले. श्रोत्याच्या डोळ्यांत अश्रू आले आणि त्याच्या व्यवहाराला धक्काही लागला नाही, याचे एक कारण या शेवटात आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातील एकोणतिसाव्या श्लोकात भगवंत आपण सर्व भूतांच्या ठायी सम आहोत असे सांगतात, तेथे आधी रूप पालटून या अशी अट नाही. पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात विद्याविनयसंपन्न ब्राह्मण आणि श्वपाक यांना समदृष्टीने पाहणारा तो पंडित म्हटला आहे. तेथेही पालटावयाची आहे ती पाहणाऱ्याची दृष्टी.

ज्यांनी कथा पुढे नेली

सर्वच श्रोते धृतराष्ट्राच्या मार्गाने गेले असे मात्र नाही. काहींनी कथा जेथे थांबली तेथून पुढे चालविली आणि तीच तिची खरी फलश्रुती होय.

स्वामी सहजानंद हे नंदनारांप्रमाणेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात जन्मले. ज्या चिदंबरास नंदनार 'उद्या जाईन' म्हणत, तेथेच १९१६ मध्ये त्यांनी नंदनारांच्या नावाने आपल्या समाजातील मुलांसाठी शाळा काढली. कथेतील अग्नीच्या जागी त्यांनी विद्या आणली. पुढे ते मद्रासच्या विधिमंडळातही गेले. संताचे नाव देवळातल्या मूर्तीवर होते. ते शाळेच्या दारावर आले, तेव्हा त्या नावाने शेकडो मुलांना आत घेतले.

मदुरै येथे ८ जुलै १९३९ रोजी ए. वैद्यनाथ अय्यर यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना व एका नाडार गृहस्थांना बरोबर घेऊन मीनाक्षी मंदिरात प्रवेश केला. त्यांत पुढे मंत्रिपदास पोहोचलेले पी. कक्कन हे होते. जन्माने ब्राह्मण असलेल्या या गृहस्थाने नंदनारकथेतील जमीनदाराची जागा सोडून दिली. रजा देणारा धनी होण्याऐवजी तो बरोबर चालणारा सोबती झाला, आणि त्यासाठी स्वजनांचा बहिष्कारही त्याने सोसला. त्याच वर्षी राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने मंदिरप्रवेशाला संरक्षण देणारा कायदा केला आणि १९४७ च्या कायद्याने प्रांतातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली झाली. २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने नष्ट ठरली. हे सारे केवळ हरिकथांनी घडले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९२४ चा वैकमचा सत्याग्रह, १९३० मध्ये सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि ज्यांनी लाठ्या सोसल्या त्यांचे कष्ट यामागे आहेत. कथेने भूमी भिजविली. नांगर मात्र माणसांनी धरला.

महाराष्ट्रात हेच कार्य साने गुरुजींनी केले. कथा सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने मुलांसाठी कथामालाही सुरू झाली. परंतु चोखोबांची कथा त्यांनी नुसती सांगितली नाही. पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. कथाकारानेच कथेची किंमत चुकती केली.

कथा कोण सांगतो, यानेही समाज पालटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी सी. सरस्वतीबाई यांनी मद्रासमध्ये हरिकथा करावयास सुरुवात केली, तेव्हा स्त्रीने उभे राहून कथा सांगणे अनेकांना मान्य नव्हते आणि काही पुरुष कथाकारांनी त्यांना कडवा विरोध केला. त्यांनी भांडण केले नाही. कथा करीत राहिल्या आणि दक्षिणेत व दक्षिणेबाहेर त्यांची कीर्ती पसरली. त्यांच्यानंतर बन्नीबाई यांच्यासारख्या स्त्रियांनी तो मार्ग रुंद केला. सीतेची आणि द्रौपदीची कथा स्त्रीच्या मुखाने ऐकताना श्रोत्याला पूर्वी न ऐकलेले काही ऐकू आले असेल, तर त्यात नवल नाही.

आणखी एक उदाहरण विनोदाच्या वाटेने आलेले आहे. तमिळ नट एन. एस. कृष्णन यांनी हरिकथेच्याच थाटात 'किंदनार' या नव्या नायकाचे आख्यान रचून घेतले. ते १९४९ च्या 'नल्लतंबी' या बोलपटात आहे. नंदनारांना चिदंबराची ओढ होती. या किंदनाला शिक्षणासाठी चेन्नईची ओढ आहे. तो आगगाडीने नगरास जातो, शिकतो आणि शाळातपासनीस होऊन आपल्या गावी परततो. लोक हसले, पण हसता हसता त्यांना कळले की येथे मुलाला अग्नीतून जावे लागले नाही आणि आपले कूळही टाकावे लागले नाही. जुन्या कथेच्या शेवटाला दिलेले हे उत्तर जुन्या कथेवर प्रेम करणाऱ्यालाच सुचू शकते.

गृहस्थाने काय करावे

वरील उदाहरणांतून सामान्य गृहस्थाने घ्यावयाचा बोध फार अवघड नाही. प्रत्येकाला शाळा काढता येणार नाही आणि उपोषणही करता येणार नाही. परंतु कथा प्रत्येक घरात सांगितली जाते आणि तिसऱ्या अध्यायातील एकविसाव्या श्लोकाप्रमाणे श्रेष्ठ जन जसे वागतात तसे इतर वागतात. लेकरांच्या दृष्टीने आई, वडील, आजी, आजोबा हेच श्रेष्ठ जन होत. संत दूर असतो. घरातील वडीलधारे माणूस समोर असते. मूल कथा कानांनी ऐकते आणि तिचा अर्थ डोळ्यांनी लावते.

एक अगदी साधी गोष्ट घ्यावी. सायंकाळी आजी नातवाला सांगते की, पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर एकनाथ महाराजांनी कडेवर उचलून घेतले. नातवाचे डोळे भरून येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी धुणेभांडी करणाऱ्या बाई येतात आणि त्यांना चहा दिला जातो तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून. आजही चेन्नई असो, पुणे असो वा नागपूर, अनेक सुशिक्षित घरांत हा वेगळा कप आहे. काही मोठ्या इमारतींत कामकऱ्यांसाठी उद्वाहकही वेगळा आहे. नातवाने रात्री कथा ऐकली आणि सकाळी तिचे भाष्य पाहिले. त्याच्या मनात राहील ते भाष्य. पुढे तोही संतांना नमस्कार करील आणि कप वेगळा ठेवील. धृतराष्ट्राचे श्रवण असे पिढ्यान् पिढ्या चालत येते.

म्हणून कथा सांगणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, कथेतील अडविणाऱ्या माणसाला गाळू नये. चोखोबांची कथा सांगताना त्यांना दाराशी कोणी थांबविले हे मुलाने विचारले, तर ते सांगावे. ते आपल्यासारखेच देवभक्त लोक होते हेही सांगावे. दुसरी, कथेतील आपली जागा शोधावी. सहाव्या अध्यायातील बत्तिसाव्या श्लोकात दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखे मानणाऱ्याला श्रेष्ठ योगी म्हटले आहे. कथा ही या योगाची घरगुती शाळा आहे. परंतु दुःखिताच्या जागी स्वतःला कल्पून रडणे सोपे, दुःख देणाऱ्याच्या जागी स्वतःला पाहणे कठीण. तिसरी, कथा संपली की तिच्यातून एक कृती निघावी, मग ती कितीही लहान असो. तो वेगळा कप कोनाड्यातून काढून टाकणे, काम करणाऱ्या बाईंना नावाने आणि 'अहो' म्हणून हाक मारणे, त्यांच्या मुलीच्या पुस्तकांची चौकशी करणे या गोष्टींना कायदा लागत नाही आणि मुहूर्तही लागत नाही.

कोणी म्हणेल की, एवढ्याने काय होणार? मदुरैच्या मंदिरात १९३९ च्या त्या दिवशी गेलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

शेवटचा प्रश्न

अठराव्या अध्यायाच्या बहात्तराव्या श्लोकात उपदेश संपल्यावर भगवंत अर्जुनाला विचारतात की, तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना? सर्वज्ञ वक्ता श्रोत्याला प्रश्न विचारतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कथा सांगून झाली म्हणजे आपले काम झाले असे भगवंतांनीही मानले नाही. आणि पुढील श्लोकात अर्जुनाने दिलेले उत्तर तर सर्व श्रोत्यांनी मनात कोरून ठेवावे असे आहे. फार सुंदर सांगितले, धन्य झालो, असे तो म्हणत नाही. मोह गेला, स्मृती लाभली, संशय फिटला, आणि आता आपण सांगितले तसे करीन, असे तो म्हणतो. अर्जुनाचे गीतेतील अखेरचे क्रियापद 'करणे' हे आहे. नंदनार 'उद्या जाईन' म्हणत राहिले, कारण त्यांना अडविले होते. ज्यांना कोणी अडविलेले नाही, त्यांनी 'उद्या' म्हणण्याचे कारण नाही.

मननासाठी

१. घरात अलीकडे सांगितली वा ऐकलेली एक संतकथा आठवावी. तिच्यात संताला अडविणारा कोण होता, आणि त्याच्यासारखे वर्तन आपल्या घरात कोठे आढळते?

२. दहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात 'परस्पर' हे पद आहे. ज्यांना आपण नेहमी सांगतो, त्या मुलांकडून किंवा घरात काम करणाऱ्यांकडून शेवटची कथा आपण कधी ऐकली?

३. या आठवड्यात कथा सांगून झाल्यावर घरातील सर्वांनी मिळून एक कृती ठरवावी, आणि पुढील आठवड्यात नवी कथा सांगण्यापूर्वी ती झाली की नाही, हे एकमेकांना विचारावे.